हात, आकडा आणि झेललेला शब्द : खेळांच्या नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

७ जून २०२५, शनिवार

काल रात्री डोंबिवलीहून भाच्याचा फोन. बारावी झाली, अठरा पूर्ण झाली, ताईने कबूल केल्याप्रमाणे नवा कॉम्प्युटर घेऊन दिला. पहिला प्रश्न मलाच. "मामा, आरपीजी आणि ॲक्शन गेम यांत नेमका फरक काय? आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात, लेव्हल वाढत असली की आरपीजी, नसली की ॲक्शन." आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, सोंग घेऊन खेळायचा खेळ. लेव्हल म्हणजे त्यातल्या पात्राची आकड्यात मोजलेली पायरी.

मी पाच-सात मिनिटं बोललो आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्याच्या हातात काहीच पडलं नाही. वीस वर्षं खेळतोय, आणि या प्रश्नाचं धड उत्तर माझ्याकडे नाही. हे मला बरं वाटलं नाही.

म्हणून ठरवलं : गणपतीला तो कुडाळला येईपर्यंत, म्हणजे २६ ऑगस्टपर्यंत, माझ्या आवडीचे काही खेळ आणि एक नावडता, पहिल्यापासून पुन्हा खेळायचे. रोज रात्री जेवणं आटोपली की दोन तास. दुकानातली कोरी खतावणी घेतली आहे, तिला डावी-उजवी बाजू आयतीच आखलेली असते. डावीकडे 'हाताने ठरलं', उजवीकडे 'आकड्याने ठरलं'. लढाई जिंकलो तर का, हरलो तर का, ते त्याच रात्री लिहायचं. सकाळी लिहायला बसलं की माणूस स्वतःच्या बाजूने लिहितो. नियम एकच. चूक झाली म्हणून जुनी सेव्ह फाइल लोड करायची नाही.

९ जून, सोमवार

आज खेळलो नाही. मुळात हे आकडे आले कुठून, ते आधी मांडून ठेवतो.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा सोंगांचा खेळ बाजारात आणला. ही मंडळी त्याआधी टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायची. त्यातूनच पात्राचे हिट पॉइंट (जीव किती उरला तो आकडा), चिलखताचा आकडा, लेव्हल हे सगळं पुढे आलं. कारण साधं आहे. टेबलाभोवती बसलेला माणूस खरी तलवार चालवू शकत नाही. मग त्याचं पात्र किती तरबेज आहे ते कागदावर आकड्यात लिहायचं आणि उरलेलं फाशावर सोडायचं. तिथे आकडा हाताच्या बदली कामाला होता.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने आकडा घेतलाच, पण खेळणाऱ्याला हातही परत दिला. 'डायब्लो' हा १९९६ संपता संपता आलेला खेळ आधी सोंगट्यांसारखा, आळीपाळीने चाल करायचा, असा बनत होता. तो बनवणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रेव्हिकने एका दुपारी बसून तो चालू वेळेत धावता केला. माउस क्लिक केला, पडद्यावरच्या सांगाड्यावर घाव बसला आणि सांगाडा कोसळला, ही आठवण त्याने स्वतः सांगितली आहे. क्लिक आपला, पण घाव लागला की चुकला हे आत फासा टाकूनच ठरतं. तेव्हापासून हात आणि आकडा एका घरात नांदतायत, आणि भाच्याच्या ग्रुपचा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

१५ जून, रविवार

'द विचर ३'. २०१५चा, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा. व्हाइट ऑर्चर्ड हा सुरुवातीचा गाव तीन रात्रींत संपवला.

लढाईबद्दल माझं मत दहा वर्षांपूर्वी होतं तेच आहे : बरी आहे, थोर नाही. आपलं पात्र, राक्षस मारणारा गेराल्ट, गिरक्या छान घेतो, पण माझ्या अंगठ्याने काय केलं याच्याशी त्या गिरकीचा संबंध सैल आहे. वहीत उजवी बाजू भरली. समोरच्याची लेव्हल बरीच वर असली की त्याच्या नावाशी लाल कवटी येते, आणि तुम्ही कितीही शहाणपणाने लढलात तरी तुमचे घाव त्याला ओरखड्यासारखे लागतात.

आता लेनाबद्दल लिहितो, कारण तीन रात्रींत मनात राहिलं ते तेवढंच.

ग्रिफिन या पंखवाल्या राक्षसी प्राण्याला मारायच्या कामासाठी गावाबाहेरच्या वैदूबाईकडे, तोमिराकडे, जावं लागतं. तिच्या झोपडीत खाटेवर एक पोरगी पडली आहे. ग्रिफिनने फाडलेली, आता जगायची नाही. ती लेना. गेराल्टजवळ 'स्वॅलो' नावाचं औषध असतं. त्याच्यासारख्या बदललेल्या शरीराला ते मानवतं, साध्या माणसाला विष ठरू शकतं. द्यायचं की नाही? पैसे मिळत नाहीत. तोमिरा आग्रह करत नाही. देऊन झोपडीबाहेर पडलं की वाऱ्यावर झाडं हलत असतात आणि खेळ त्याबद्दल पुढे एक अक्षर बोलत नाही.

पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी दिलं होतं आणि विसरून गेलो होतो. बऱ्याच तासांनी, वेलेन या पुढच्या मुलखात निल्फगार्डच्या सैन्याच्या छावणीत एका सैनिकाने मला थांबवलं. लेना त्याची. ती वाचली आहे, त्याने सांगितलं, पण तिचं डोकं ठिकाणावर नाही, ती कुणाला ओळखत नाही. त्या रात्री मी कॉम्प्युटर बंद करून खळ्यात जाऊन बसलो होतो. काळोखातला तो गारवासुद्धा आठवतो.

यंदाही दिलं. सगळं माहीत असून दिलं. हे खतावणीत कुठल्या बाजूला लिहायचं? हाताचं कसब लागलं नाही, आकडा कुठला आला नाही. समासात लिहिलं.

२२ जून, रविवार

वेलेन. कुजबुजणारी टेकडी.

झाडाच्या मुळांत कोंडलेला एक आत्मा. सोडलं तर दलदलीतल्या अनाथ पोरांना वाचवीन, म्हणतो. ज्यांच्या तावडीत ती पोरं आहेत त्या तिघी म्हाताऱ्यांनीच तुम्हाला त्याला मारायला पाठवलेलं असतं. सोडलं तर पोरं वाचतात, पण शेजारचा गाव उजाड होतो. शिवाय म्हाताऱ्या त्याचा सूड तिथल्या सरदाराच्या, बॅरनच्या, बायकोवर उगवतात, ती शापाने मरते आणि बॅरन स्वतःला फास लावून घेतो. मारलं तर पोरं जातात, बायको जगते पण वेडी होऊन, आणि तो दारुड्या, मारकुटा बॅरन तिला घेऊन उपचाराच्या आशेने डोंगराकडे निघतो.

यातलं काहीही निवड करताना दिसत नाही. 'चांगलं' आणि 'वाईट' अशा दोन रंगांची पट्टी नाही, पुण्याचे गुण नाहीत. त्या काळातल्या कितीतरी खेळांत भिकाऱ्याला नाणं दिलं की पाच गुण चांगुलपणाचे, लाथ मारली की पाच वाईटपणाचे, असा हिशेब असायचा. मला तो कधीच रुचला नाही. असा लगेच हिशेब हातात दिला की खेळणारा गुणांकडे बघून वागतो, भिकाऱ्याकडे बघत नाही.

मी सोडलं. पोरांसाठी.

२८ जून, शनिवार

नावडता खेळ : 'असॅसिन्स क्रीड ओडिसी', २०१८.

ग्रीस फार सुंदर केलंय, याबद्दल दुमत नाही. होडी सोडून नुसतं समुद्राकडे बघत बसावं. पण या मालिकेचा प्राण काय होता? गच्चीवरून माग काढायचा, गर्दीत मिसळायचं, मागून जायचं, एकच वार. त्या एका वारासाठी अर्धा तास दबा धरायची तयारी असायची. ओडिसीत मी काल चाळीस मिनिटं किल्ल्यात सरपटलो. एकाही पहारेकऱ्याला चाहूल लागू दिली नाही. सरदाराच्या पाठीशी पोचलो, लिओनिडासच्या भाल्याचं पातं मारलं, आणि त्याच्या आयुष्याची पट्टी जेमतेम निम्मी उतरली. तो वळला. त्याची लेव्हल माझ्यापेक्षा चारने वर होती.

इथे हाताने सगळं बरोबर केलं आणि आकड्याने ते नाकारलं. मला राग याचाच येतो. आकडे वाईट नसतात. पण ज्या खेळाचं वचनच 'नीट दबा धरलास तर एका वारात संपेल' असं आहे, त्यात आकडा घुसवला की वचन मोडतं. मग खेळणारा काय करतो? दबा सोडतो आणि लेव्हल वाढवायला गावोगाव फिरतो. आरपीजीचं नाव यामुळे खराब होतं.

६ जुलै, रविवार, आषाढी

आज उपास, आज खेळ नाही. पण सगळ्या प्रकल्पाची दिशा आज बदलली.

शेजारचे काका. तीसेक वर्षं दशावतारात राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसांची सोंगं, केली, आता गुडघ्यांमुळे बंद. पावसात कंपन्या घरीच असतात, जत्रा सुरू व्हायला कार्तिक उजाडावा लागतो, त्यामुळे काका ओसरीवर निवांत सापडतात. साबुदाण्याची खिचडी घेऊन गेलो आणि सहज म्हणून वहीचं सांगितलं : सोंग घ्यायचे खेळ असतात, त्यात सोंग कशाने ठरतं ते शोधतोय.

काका म्हणाले, "आमच्यात लिवलेला कायच नसता. कथा म्हायत आसता, बोलाचा आपला आपणच."

हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि मग रात्रभर एका बाकड्याभोवती ते बाकडं कधी सिंहासन होतं, कधी रथ, आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. पण पुढचं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"मी शब्द टाकलो, तो समोरच्यान झेलूक व्हयो. नाय झेललो तर थयच पडता."

मी विचारलं, पण राक्षस शेवटी मरणारच असतो ना, मग तुम्हाला त्यात ठरवायला काय उरतं?

"राक्षसान मराचाच आसता. पण कसा मराचा, ता आपल्या हातात."

घरी येऊन खतावणीची पानं चाळली. ओडिसीतला सरदार आणि झोपडीतली लेना. एकात मी टाकलेलं खाली पडलं, दुसऱ्यात कित्येक तासांनी कुणीतरी झेललं. माझे रकानेच चुकले होते. पुढच्या कोऱ्या पानावर नवे मथळे लिहिले : डावीकडे 'मी टाकलं', उजवीकडे 'खेळाने झेललं'.

१२ जुलै, शनिवार

'सेकिरो', मार्च २०१९, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा. नव्या रकान्यांची खरी कसोटी इथे, कारण यात संवादाच्या निवडी जवळजवळ नाहीतच. तुमचं पात्र ठरलेलं, एका हाताचा शिनोबी (जपानी छुपा लढवय्या), तलवार ठरलेली, नवी चिलखतं नाहीत, ताकद-चपळाई वाटून द्यायचे गुण नाहीत. भाच्याचा ग्रुप म्हणेल, ही आरपीजी नाहीच.

अशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो उभा आहे. आज त्याने मला एकोणीस वेळा मारलं.

सेकिरोत दोन पट्ट्या असतात, एक जीव आणि एक तोल. तुम्ही घाव अगदी क्षणावर आडवलात की समोरच्याचा तोल ढळत जातो. तोल पूर्ण ढळला की जीव कितीही शिल्लक असला तरी एका वारात काम होतं. म्हणजे लांब पळून, संधी साधून ओरखडे काढत बसलात तर तो तोल सावरून घेतो. पुढे राहावं लागतं, त्याच्या तलवारीच्या आवाक्यात. इतर खेळांनी वीस वर्षं शिकवलेली लोळण इथे कामाची नाही, आणि माझा अंगठा अजून लोळणीच्याच बटणाकडे जातोय.

आई आत-बाहेर करताना दारात थांबते. "परत मेलंस रे?" हो म्हटलं की पाण्याचा तांब्या ठेवून जाते.

१७ जुलै, गुरुवार

दोन दिवस वादळी पाऊस. सोमवारी ऐन झुंजीत लाईट गेली, आली, परत गेली आणि कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, जळला. दुरुस्तीवाल्याने आधी मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं. मी एसएमपीएस बदलूनच बघा म्हणून अडून बसलो आणि तेच निघालं. तीन रात्री गेल्या. नवा यूपीएस घेतला.

या तीन रात्रींत एक गोष्ट मात्र घडली. झोपताना डोळ्यांपुढे गेनिचिरोची मालिका येत होती. सात-आठ घाव एकामागून एक, त्यांचा ताल झांजेसारखा, आणि शेवटी एक छोटा थांबा. त्या थांब्यानंतर लाल अक्षर चमकतं. अक्षर एवढंच सांगतं की पुढचा वार साधा आडवता येणार नाही. वार कुठला, ते सांगत नाही. भोसक आली तर तिच्यावरच पाय टाकायचा, पायांखालून पातं फिरलं तर उडी. ते त्याच्या खांद्यावरून ओळखायचं : खांदा मागे गेला की भोसक, अंग खाली बसलं की पातं. मी खेळत नसताना हे शिकलो. मशीन बंद होतं.

२० जुलै, रविवार

गेनिचिरो पडला. एकूण सदतिसावी खेप.

दोनदा खाली गेल्यावर तो चिलखत टाकून देतो आणि तलवारीवर वीज घेतो. ती वीज पाय जमिनीवर असताना लागली तर उरत नाही काही. उडी मारायची, हवेत असतानाच ती अंगावर घ्यायची आणि जमिनीला टेकायच्या आत तलवार फिरवून त्याच्यावरच फेकायची. आज ती घेताना माझा हात थरथरला नाही. उडी, धडका, कंट्रोलरची थरथर, बटण. आणि तोच जागीच ताठ झाला.

माझ्या पात्राचा एकही आकडा पहिल्या खेपेपासून सदतिसाव्यापर्यंत वाढला नव्हता. तोच जीव, तेच पातं. बदललो तो मी. आणि खेळाने ते झेललं : प्रत्येक आडवलेल्या घावाला ठिणगी, खणखणीत आवाज, पट्टीवर तेवढीच पुढची हालचाल. जेवढं नेमकं टाकलं तेवढंच नेमकं परत मिळालं. एका ठरलेल्या कथेत, जिथे माझ्याकडे दुसरं काहीच बोलायला नव्हतं, तिथे मी शिनोबी झालो होतो. राक्षसाने मरायचंच असतं. काकांना सांगायला सकाळी गेलो, ते फक्त हसले.

२६ जुलै, शनिवार

त्याच घराण्यातला 'डार्क सोल्स', २०११. पूर्ण खेळणार नाही, एका जागेसाठी उघडला होता. अनडेड पॅरिशच्या चर्चजवळ एक लिफ्ट आहे. तासन्तास चुकत, धडपडत, आता आपण परत यायच्या पलीकडे गेलो असं वाटत असताना तुम्ही तिच्यात उभे राहता, ती खाली जाते, आणि दार उघडतं ते फायरलिंकच्या शेकोटीपाशी. जिथून निघालात तिथेच. ओळखीचं संगीत सुरू होतं. नकाशा नाही, बाण नाही. जागाच तुम्हाला ओळखते. या खेळात आकडे भरपूर आहेत, पण ते खेळाच्या वचनाआड येत नाहीत. कच्च्या आकड्यांनीही जिंकता येतं, वाढवलेल्या आकड्यांनीही हरता येतं.

२ ऑगस्ट, शनिवार

'गॉड ऑफ वॉर', २०१८चा. फेकलेली कुऱ्हाड बटण दाबलं की हातात परत येते आणि तळव्यावर आदळल्यासारखं वाटतं. केवळ त्या एका गोष्टीसाठी हा खेळ कुणालाही हातात द्यावा. चिलखतांची, मुठींची, मंत्रांच्या खड्यांची गर्दी मात्र नको होती. बापलेकाच्या प्रवासात दर दहा मिनिटांनी यादी उघडून कुठल्या पट्ट्याने किती टक्के वाढतात ते बघायला लावणं, हे चाललेल्या आख्यानात मध्येच देणगीची पावती फाडण्यासारखं आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी ताईचा राखीचा फोन. पोरगा रात्री दोनपर्यंत जागतो म्हणाली, आणि दोष कुणाचा ते तिच्या आवाजात होतं. त्याच्याशी बोलेन असा शब्द दिला.

आठवडाभर 'डिस्को एलिझियम' चालू आहे. २०१९चा, एस्टोनियात सुरू झालेल्या झेडए/युएम या मंडळींचा. यात लढाईची यंत्रणाच नाही. एक पोलीस अधिकारी दारूच्या नशेत स्वतःचं नावगावसुद्धा विसरून खोलीत जागा होतो. त्याची २४ कौशल्यं आहेत, आणि ती आकडे म्हणून गप्प बसत नाहीत, त्याच्या डोक्यात बोलतात, भांडतात, कधी चुकीचा सल्लाही देतात. आकड्याला तोंड फुटलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

सुरुवातीलाच छताच्या पंख्यावर त्याचा टाय फिरत असतो. प्रकृती अगदी कच्ची ठेवून तो खेचायला गेलात तर हृदय बंद पडून माणूस मरू शकतो. पाच मिनिटांत खेळ संपला! पण मला सांगायचंय ते अपयशाबद्दल. दोन फासे पडतात, बेरीज कमी आली की हरलात. इथे हरणं म्हणजे दार बंद होणं नव्हे. मी कराओकेवर गायला उभा राहिलो, फासे हरले, आवाज फाटला, आणि तो प्रसंग मला जिंकण्यापेक्षाही जास्त आवडला. सोबतीला असलेला किम कित्सुरागी हा शांत, चष्मेवाला अधिकारी सगळं बघत असतो, वहीत टिपत असतो. माझ्या प्रत्येक मूर्खपणानंतर मी खेळाकडे बघत नव्हतो, किमच्या चेहऱ्याकडे बघत होतो. झेलणारा असा असावा.

एक अडचण खरी आहे. दहा लाखांहून जास्त इंग्रजी शब्द, आणि तेही वळणदार. मला शब्दकोश जवळ ठेवावा लागला. आपल्या भाषेत असं काही कधी वाचायला मिळेल, हा विचार आठवडाभर पाठ सोडत नाही. दशावतारात उभ्या उभ्या सुचणारं बोलणं जर कुणी अशा खेळात आणलं तर काय होईल!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

'बाल्डर्स गेट ३', ऑगस्ट २०२३, बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा. १९७४चा फासा इथे पडद्यावर उघड पडतो, वीस बाजूंचा, गडगडत. नशीब सावरून घेणारी एक सोय सेटिंगमध्ये आधीपासून चालू असते. ती बंद केली.

ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गपूजकांच्या, वस्तीत अरबेला नावाची एक लहान मुलगी मूर्ती चोरताना सापडते. कागा नावाची बाई तिच्यापुढे साप सोडून उभी आहे. मी मध्ये बोललो. फासा पडला चार. साप डसला, पोरगी तिथेच मेली.

बोट लोड करायच्या बटणावर गेलं, हे लिहितो. सगळेच करतात, मीही दोन वर्षांपूर्वी केलं होतं, आणि तेव्हा मुलगी वाचली होती, पुढे दुसऱ्या अंकात भेटलीही होती. यंदा नियम होता. आईबापांना सामोरा गेलो. त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे एकही चांगलं वाक्य नव्हतं, आणि खेळाने ते जाणून घेतल्यासारखे मोजकेच पर्याय ठेवले होते. खेळ मागे फिरवला की तो आपला शब्द झेलूच शकत नाही, कारण आपण तो परत उचलून घेतलेला असतो. भाच्याला आकडे, लेव्हल, पात्राची घडण काहीही समजावायच्या आधी हे सांगायचं आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

शेवटचा : 'राजी', २०२०. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा प्रयत्न अपुरा राहिला होता, तरी खेळ पुरा करून जगापुढे ठेवला. याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही.

सर्कशीत वाढलेली राजी, असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे बघत आपसात बोलतायत. कथेचे तुकडे सावलीच्या बाहुल्यांच्या रूपात येतात. पिंगुळीच्या ठाकरांचे चामड्याचे खेळ पाहिलेल्या माणसाला ते घरचंच वाटतं. ती खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवरून धावत येऊन त्रिशूळ मारते. डोंबाऱ्याच्या पोरीसारखी चपळ.

प्रेम आहे म्हणूनच खरं लिहितो. मार चुकवल्यावर पुढचा वार लागायला क्षणभर उशीर होतो आणि तो उशीर बोटांना कळतो. असुरांचे प्रकार लवकर संपतात. शेवट तर अर्ध्यात पडदा पाडल्यासारखा. मी भरपूर टाकलं, झेललं गेलं ते थोडं. पण त्या भित्तिचित्रांपुढे राजी उभी राहते आणि ती कथा आपल्याला आधीच माहीत असते, तेव्हा जे वाटतं ते मला कुठल्याही पोलिश किंवा जपानी खेळाने दिलेलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पहाटेच्या गाडीने भाचा आला. गाडी तीन तास उशिरा. मखराचं काम अर्धं पडलंय, खेळाचं नाव काढलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

आरत्या, भजनं, पाहुणे. रात्री अकरानंतर आम्ही दोघं.

खतावणी त्याला वाचायला दिली नाही. फक्त काकांचं वाक्य सांगितलं आणि मागे न फिरण्याचा नियम. विचारलं, काय खेळतोस? त्याने विचर निवडला. पहिल्या रात्री त्याचा सगळा जीव तलवारींच्या आकड्यांत. हिला दोन जास्त आहेत, ती विकून टाकू का, मामा? मी मान हलवत राहिलो.

आज तो तोमिराच्या झोपडीत पोचला. लेनाच्या खाटेशी बराच वेळ कॅमेरा फिरवत राहिला. "दिलं नाही तर मरेल ना ही?" बहुतेक, म्हटलं. "आणि दिलं तर?" मी काही बोललो नाही. बाहेर कुणाच्या तरी घरी भजनाचा पखवाज चालू होता. त्याने दिलं. झोपडीबाहेर आला, थोडा थांबला, पुढे काही येतंय का म्हणून.

"बस? वाचली का ती?"

"पुढे खेळ."

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती झाले. भाचा परत गेला. त्याची सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर देऊन टाकली. यूपीएस घे, असंही सांगितलं. रात्री बारानंतर खेळणार नाही असा शब्द ताईसमोर घेतला.

१४ सप्टेंबर, रविवार

रात्री साडेअकराला फोन. आधी वाटलं, काही झालं की काय.

"मामा, तो छावणीतला सैनिक भेटला."

मी गप्प राहिलो. तोही. मागे पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?" आणि मी उत्तर द्यायच्या आतच, "नको, राहू दे," म्हणाला.